त्रेसष्टाव्या पानावरची बाई

त्या शुक्रवारी संयोगितानं एकच पुस्तक तीन वेळा जागेवरून हलवलं. सकाळी ते तिच्या टेबलावर दाखल नोंदवहीशेजारी होतं. अकराच्या सुमाराला तिनं ते खालच्या खणात टाकलं. खणाला किल्ली नाही हे आठवलं, तसं उचलून बांधणीला जायच्या फाटक्या अंकांच्या गठ्ठ्यात सारलं. दुपारी शिपाई जोतीराम ते गठ्ठे उचलायला आला, तेव्हा "थांब, थांब" करत ती धावत गेली आणि ते ओढून काढून तिनं आपल्या डब्याच्या पिशवीत कोंबलं.

"काय झालं बाई?" जोतीरामनं विचारलं.

"काय नाही. नोंद व्हायची हाय अजून."

राजारामपुरीतल्या त्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून तिला बावीस वर्षं झाली होती. नोंदीशिवाय एक कागद तिनं कधी बाहेर जाऊ दिला नव्हता. आणि आज पिशवीत पुस्तक घालून ती घड्याळाकडं बघत बसली होती. बसली तरी कुठं? दर दहा मिनिटांनी उठायची, पंख्याचं बटण फिरवायची, खिडकीशी जायची, परत यायची.

सहा महिन्यांपूर्वी कार्यकारिणीनं ठराव केला होता, की प्रौढ वाचकांसाठी चित्रकादंबऱ्यांचं वेगळं कपाट करायचं. ठराव झाला खरा, पण वाचक हसले. "बाई, नातवाला न्यायला सांगतो," म्हणत एकेकजण ती जाडजूड चित्रांची पुस्तकं चाळायचा आणि परत ठेवायचा. त्यांच्यात एकच माणूस निघाला, महालिंग अण्णा. गडहिंग्लजकडचे, गुळाचा व्यापार मुलावर सोपवून कोल्हापुरात राहिलेले, वय बाहत्तर. बायको रत्नव्वा गेल्यापासून ते रोज चारला वाचनालयात येत. त्यांनी एक पुस्तक उभ्या उभ्याच उघडलं, मग खुर्ची ओढली, मग चष्मा बदलला. महिन्याभरात अख्खं कपाट वाचून संपवलं आणि ते बाईंच्या टेबलाशी उभे राहिले.

"बाई, लोक हसतात ह्याचं मला नवल वाटतंय. अक्षरातलं दुःख माणूस डोळं झाकून गिळतोय. दोन ओळी गाळल्या की झालं. चित्र गाळून दाखवा की! ते आपल्याकडं बघतच ऱ्हातंय."

त्यांच्याच आग्रहानं येत्या रविवारी सकाळी कार्यक्रम ठरला होता. मोठ्या माणसांनी वाचाव्यात अशा तीन चित्रकादंबऱ्या, तीन वाचक, प्रत्येकानं एकीवर बोलायचं. शेवटची अण्णांची होती. पुरवठादाराच्या यादीत त्यांनी ती हेरली होती, कारण ती मराठीतच लिहिलेली, मराठीतच काढलेली होती. 'ओट्यापाशी' असं तिचं नाव. लेखिकेचं नुसतं 'तेजस्वी', आडनाव नाही. मलपृष्ठावर एकच ओळ होती. मूळची आजऱ्याची, आता पुण्यात चित्रकला शिकवते.

पुस्तक गुरुवारी आलं. शिक्का मारण्यासाठी संयोगितानं मुखपृष्ठ समोर धरलं आणि शिक्का तसाच हातात राहिला. मुखपृष्ठावर स्वयंपाकघराची खिडकी होती. खिडकीच्या गजांत लोखंडी मोरांची जोडी होती आणि त्यातल्या डाव्या मोराला मुंडकं नव्हतं. ती खिडकी मंगळवार पेठेत होती. तिच्या घरात. त्याच खिडकीशी उभं राहून तिनं सकाळी डबा भरला होता.

तेजस्वी तिची भावजय. म्हणजे होती. धाकटा भाऊ विश्वजित याच्याशी लग्न होऊन आली, पाच वर्षं राहिली आणि तेरा वर्षांपूर्वी डावा हात ओढणीत गुंडाळून आजऱ्याला माहेरी निघून गेली. पुढं फारकत झाली. विश्वजितनं दुसरं लग्न केलं, पेठ वडगावला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं, मुलगा झाला. मंगळवार पेठेत आई आणि संयोगिता राहिल्या. तेजस्वीचं नाव त्या घरात कुणी घेत नव्हतं. कुणी घेऊ नका असं म्हटलंही नव्हतं, तरी घेत नव्हतं.

संयोगितानं पुस्तक उभ्यानंच वाचलं. माणसांना नावं नव्हती. नवरा, सासू, नणंद, एवढंच. पण पाटावर बसायची आईची रीत, विश्वजितचं चप्पल न काढता आत येणं, फरशीवरची तडा गेलेली नक्षी, सगळं होतं. आणि त्रेसष्टाव्या पानावर चार चौकटी होत्या. पहिलीत ओट्याशी पाठमोरी उभी असलेली बाई, आणि भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेल्या उलथन्याकडं गेलेला पुरुषाचा हात. दुसरीत बाहेरची खोली, दाराशी नणंद, मान आत वळलेली. तिसरीत त्याच नणंदेच्या हातात टीव्हीचा रिमोट. चौथीत नुसता टीव्हीचा पडदा आणि कोपऱ्यात आवाजाचा आकडा, एकतीस.

मारणं कुठंच काढलेलं नव्हतं.

ते खरं होतं. आवाज तिनंच चौदावरून एकतीसवर नेला होता. आकडासुद्धा खरा होता, आणि तो तेजस्वीला कसा ठाऊक, हे संयोगिताला कळेना. आत ओरडत असताना दारातून तेजस्वीला तो आकडा दिसला असेल का? का नंतर बाहेर येताना तिनं बघितला?

फारकतीआधी आजऱ्याला दोन्ही घरांची बैठक बसली होती तेव्हा तेजस्वीच्या वडिलांनी संयोगितालाच विचारलं होतं. "तुम्ही शिकलेल्या, नोकरी करता. तुम्ही सांगा, ऐकलंत का काही?" आणि ती म्हणाली होती, "मला काही ऐकू आलं नाही. टीव्ही लागला होता." ह्या वाक्यात खोटं एवढं थोडं होतं, की तेरा वर्षं तिनं त्याला खोटं म्हटलं नव्हतं.

शुक्रवारी चारला अण्णा आले.

"आलं का माजं पुस्तक?"

"आलं होतं अण्णा. पण प्रत खराब निघाली. पानं उलटी लागलेली. परत पाठवलं."

"अय्यो! मग रविवारचं कसं?" अण्णा क्षणभर हिरमुसले आणि लगेच सावरले. "ऱ्हाऊ दे. पुतण्या सोमेश पुण्याला असतोय. त्याला सांगतो, दोन दिवसांत पोचतंय. तुम्ही काय काळजी करू नका."

ते देवघेवीच्या टेबलावर टेकून सोमेशला फोन लावू लागले. संयोगितानं डब्याची पिशवी पायानं टेबलाखाली सारली. "लागत न्हाय," ते म्हणाले, "घरी जाऊन लावतो." ती शनिवारभर दाराकडं बघत राहिली. प्रत्येक पावलाला दचकली. मंगळवार पेठेतले सात सभासद होते वाचनालयात. त्यांनी ती खिडकी बघितलेली होती. सातही जणांची नावं तिनं मनात दोनदा मोजली. सुदैवानं म्हणायचं तर शनिवारी संध्याकाळी अण्णांचा निरोप आला, की सोमेश गावाला गेलाय, तेव्हा कार्यक्रम एक आठवडा पुढं ढकला.

सोमवारी सुटी. ती दुपारी बाजारातून आली तर आई, बनाबाई, स्वयंपाकघरात पाटावर बसलेली. मांडीवर पुस्तक. शेजारी घासलेला डबा पालथा. डबा काढायला पिशवीत हात घातला आणि पुस्तक लागलं हाताला, हे सांगायची गरज नव्हती.

आई सत्त्याहत्तरची. शाळा तिसरीपर्यंत. अक्षर ओळखायची, पण एकाला एक जोडून वाक्य होईतोवर दमायची, म्हणून वर्तमानपत्रसुद्धा ती नुसतं घडी घालायला घ्यायची. बावीस वर्षं पुस्तकांत काढलेल्या पोरीनं आईच्या मांडीवर पुस्तक आज पहिल्यांदा बघितलं.

"ह्ये आपलं हाय न्हवं?" आईनं विचारलं.

"वाचनालयाचं हाय. दे इकडं."

"तसं न्हवं. ह्यो ओटा. ह्यो मोर बघ की, मुंडकं गंजून गळल्यालं. तुज्या बापाला दुरुस्त कर म्हनून सांगून दमलो मी." आईनं बोट ओलं करून पान उलटलं. "तेजूनं काढलंय."

तो प्रश्न नव्हता. संयोगिता दाराशीच उभी राहिली, हातात भाजीची पिशवी.

"बस. ह्या फुग्यांत काय लिवलंय त्ये वाच. बाकीचं मला समजतंय."

"आई, नको."

"वाच म्हनतो न्हवं!"

मग तिनं वाचलं. सासूच्या तोंडची वाक्यं सासूला वाचून दाखवली. "माहेरी एवढंच शिकवलं का?" हे वाचलं. "पोर होत नाही ते नाही, भाकरीबी फुगत नाही," हे वाचलं. प्रत्येक वेळी आई मान हलवायची. एकदा म्हणाली, "व्हय, म्हनलं हुतं." एकदा म्हणाली, "ती साडी निळी हुती, काळी न्हवं." काळ्या शाईतलं पुस्तक, त्यात निळं कुठून येणार, हे सांगायचं संयोगिताला सुचलं नाही. उठावं, पाणी प्यावं, रस्त्यावर जाऊन यावं असं होत होतं, आणि आई पानामागून पान उलटत होती.

त्रेसष्टावं पान आलं. आईचं बोट पहिल्या चौकटीवर थांबलं.

"ह्ये चुकलंय," ती म्हणाली.

"काय चुकलंय? आई, झालं होतं हे. मी होते."

"तू भाईर हुतीस. तुला काय दिसतंय?" आईनं बोट खिळ्यावर टेकवलं. "उलाथनं हितं न्हवतं. माज्या हातात हुतं, तापल्यालं. मी भाकरी भाजत हुतो. विश्वानं हात फुडं केला आनि मी दिलं."

गल्लीत कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती होईना.

"हिनं मला मागच्या पानावर देवघरात बसवलंय. घंटा वाजवत. मी देवघरात न्हवतो. हितंच हुतो. तिची पाठ हुती आमच्याकडं, तिला दिसलं न्हाय." आईनं पुस्तक मिटलं. "लई चांगलं काढलंय मला. मी तेवडी चांगली न्हवं."

"तेरा वर्षं, आई! एका शब्दानं..."

"मला कुनी इचारलं? बैठकीत तुला इचारलं. मला आत बायकांत बसवलं हुतं, च्या करायला." आईनं पुस्तक तिच्या हातात दिलं. "कळीव तिला. चुकीचं छापून ठिवू नगं म्हनावं."

संयोगिता त्या संध्याकाळी रंकाळ्यावर जाऊन दोन फेऱ्या मारून आली, तरी पाय थांबेनात. काय कळवायचं? तुझ्यावर उगारलेलं हत्यार माझ्या आईनं दिलं होतं, असं? आणि आपल्या वाक्याचं काय? आईला कुणी विचारलं नव्हतं. संयोगिताला मात्र विचारलं होतं, भर बैठकीत.

मंगळवारी सकाळी तिनं 'ओट्यापाशी'ला दाखल क्रमांक दिला, शिक्का मारला, आणि चारला अण्णांच्या हातात ठेवलं.

"परत पाठवलं म्हनत हुता?"

"खोटं बोलले होते, अण्णा."

अण्णांनी तिच्याकडं नीट बघितलं. का म्हणून विचारलं नाही. पुस्तक काखेत मारून ते खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले.

जोतीरामनं कार्यक्रमाची सूचना तिन्ही मुखपृष्ठांच्या फोटोसह वाचनालयाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. कुठून कुठं फिरली कोण जाणे, शनिवारी दुपारी विश्वजित पेठ वडगावहून थेट वाचनालयात आला. चप्पल बाहेर काढायची पाटी होती. त्यानं काढली नाही.

"अक्का, ते पुस्तक कुठाय?"

"एका सभासदाकडं गेलंय."

"मागून घे. फाडून टाक, जाळ, काय बी कर. माज्या सासरवाडीचा माणूस मला फोटो दाखवतोय, ही तुमचीच खिडकी न्हवं म्हणून! माजं पोरगं हाय आता, अक्का. शाळेत जातंय."

"विश्वा, हळू बोल. वाचनालय हाय."

"तुझं बी तोंड काळं केलंय म्हणं तिनं."

"केलेलं नाही. जसं होतं तसं काढलंय." टेबलाची कड धरून ती म्हणाली, "तुला वाचायचं असलं तर सभासद हो. अर्ज देते. आधी सात जणांचा नंबर हाय, मग तुझा."

विश्वजित तिच्याकडं बघतच राहिला. लहानपणापासून अक्कानं त्याला कधी नाही म्हटलं नव्हतं. एकदाही नाही. मग तो म्हणाला, "ऱ्हावा दोघी त्या मोराकडं बघत. मी परत येत न्हाय," आणि गेला. घर दहा मिनिटांवर होतं, पण आईला भेटायला तो थांबला नाही.

रविवारी चौदा माणसं आली. एका प्राध्यापकांनी युद्धात हरवलेल्या गावाच्या पुस्तकावर बोलून घेतलं, एका तरुण डॉक्टरीण बाईंनी आजारी बापाच्या पुस्तकावर. संयोगिता मागच्या रांगेत बसली, उठली, पंखा कमी केला, परत बसली, परत वाढवला. शेवटी अण्णा उभे राहिले. त्यांनी त्रेसष्टावं पान सगळ्यांना दिसेल असं धरलं.

"मी म्हातारा माणूस, लहान मुलाचं पुस्तक वाचतोय म्हणून घरचे हसत होते. त्यांना हे पान दाखवलं. हितं बघा, मारहाण काढलेलीच न्हाय. ह्या दोन चौकटींच्या मधी बोटभर पांढरी जागा हाय, तिथं झालंय सगळं. तिथं काय झालं ते आपल्याला आपलं आपण बघावं लागतंय. मी बघितलं आनि मला माजं घर दिसलं. रत्नव्वाला मी एकदा..." ते थांबले. चष्मा पुसला. "ते ऱ्हाऊ दे. ज्याला वाटतंय हे पोरांचं पुस्तक हाय, त्यानं हे एक पान वाचून माज्याशी बोलावं."

पुढच्या रांगेत शालूबाई होत्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. त्या तडक म्हणाल्या, "मारणाऱ्याचं सोडा, तो जनावर. मला ह्या बाईचा राग आला. नणंदेचा. आवाज वाढवती! जळलेले हात मी तीस वर्षं बांधलेत. प्रत्येक हाताच्या मागं अशी एक बाई घरात असती. आणि विचारलं की म्हणती, मला काय ऐकू आलं न्हाय."

संयोगिता उभी राहिली. पंख्यासाठी उठली असंच सगळ्यांना वाटलं.

"तसंच म्हणाले होते मी," ती म्हणाली. "आजऱ्याला, बैठकीत. ती बाई मी आहे. ते घर आमचं."

प्राध्यापकांच्या खिशात फोन वाजला, तो बंद करता करता त्यांच्या हातून खाली पडला. अण्णा पुस्तक धरूनच उभे होते. संयोगिताला आणखी बोलायचं होतं, आईचं सांगायचं होतं, पण ते इथं सांगायचं नव्हतं, हे तिला उभं राहिल्यावर कळलं. म्हणून ती म्हणाली, "चहा आलाय," आणि कपबश्या मांडायला लागली. शालूबाई उठल्या, तिच्या हातातली किटली घेतली, सगळ्यांना चहा ओतला. तिलाही दिला. पण तिच्याकडं बघितलं नाही, आणि नंतर महिनाभर त्या वाचनालयात आल्या नाहीत. अण्णा मात्र दुसऱ्या दिवशी चारला आले आणि पुढचं काही वाचण्यासारखं आहे का म्हणून विचारून गेले.

पत्र लिहायला तिला नऊ दिवस लागले. शेवटी जे पाठवलं ते अर्ध्या पानाचं होतं. प्रकाशकांच्या पत्त्यावर, 'लेखिकेस द्यावे' असं लिहून. आईनं सांगितलेलं जसंच्या तसं, आणि आपला फोन नंबर.

मग वाट बघणं सुरू झालं. आई रोज दारातूनच विचारायची, "आलं का तिचं?" दसरा गेला, विश्वजित आला नाही. नातवाचा फोन येणंही बंद झालं. आईनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त संध्याकाळी गल्लीतून शाळेची रिक्षा गेली की ती दाराशी यायची आणि परत फिरायची.

एका सकाळी डबा भरताना फोन वाजला.

"मी तेजस्वी."

तेरा वर्षांनी तो आवाज जरा जाड झाला होता. संयोगिताला "कशी आहेस" म्हणायचं होतं, पण तिच्या तोंडून "थांब, गॅस बंद करते," एवढंच निघालं.

"पत्र मिळालं," तेजस्वी म्हणाली. "मी तीनदा वाचलं. आईंनी खरंच स्वतःहून सांगितलं?"

"स्वतःहून. पान बघितल्याबरोबर."

मग तेजस्वी म्हणाली, "पुढच्या आवृत्तीत ती चौकट बदलायची का नाही, ते मी ठरवीन. एवढ्यात सांगता येणार नाही. मला ते पुन्हा काढावं लागेल, ताई. पुन्हा त्या ओट्याशी उभं राहावं लागेल. तुम्हाला समजतंय ना?"

"हो."

"आणि तुमच्या पत्रात आईंचं सगळं आहे. तुमचं काहीच नाही."

संयोगितानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बैठकीत माझे वडील तुमच्यासमोर हात जोडून उभे होते," तेजस्वी म्हणाली. "घरी येऊन त्यांनी मला विचारलं, पोरी, तू तर खोटं बोलत नाहीस ना? ते गेले गेल्या वर्षी. तुम्ही लिहून द्या. माफी नको मला. काय ऐकलंत तेवढं लिहा. सही करून."

फोन बंद झाला. आई दाराशी उभी होती, हात ओले.

"काय म्हनली?"

"माझं लिहून मागतीय."

"मग लिही की. माजं मी सांगितलं." आई परत मोरीकडं वळली.

त्या दिवशी संयोगिता पहिल्यांदा वाचनालयात उशिरा गेली. ओट्यावरच कागद ठेवून, उभ्यानं, तिनं लिहायला घेतलं. पहिलं काय ऐकलं, मग काय, मग तेजूनं कुणाला हाक मारली. ती हाक संयोगितालाच होती, 'ताई' अशी, दोनदा. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं आणि पुस्तकातही नव्हतं. तिनं ते लिहिलं, खाली पूर्ण नाव आणि तारीख घातली, वाटेत पोस्टात पाकीट टाकलं. वाचनालयात पोचल्यावर तीन वेळा पिशवी उघडून बघितली, खरंच टाकलं का म्हणून, आणि दिवसभर एका जागी तिला बसवलं नाही.